अतिउच्च ऊर्जेचे वैश्विक किरण आणि पिएर ओझे वेधशाळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वैश्विक किरण तर रोजच पडतात. मग 'अतिउच्च ऊर्जेचे' म्हणजे कोणते?

अवकाशातून पृथ्वीवर सतत येणारे प्रोटॉन आणि अणुकेंद्रकं म्हणजे वैश्विक किरण. १९१२ साली व्हिक्टर हेस बलूनमधून वर गेले आणि हे प्रारण उंचीबरोबर वाढतं, म्हणजे ते वरून येतं, हे त्यांनी दाखवलं. या कणांच्या ऊर्जेचा पल्ला प्रचंड आहे. साधारण १ ईईव्हीच्या पुढच्या कणांना अतिउच्च ऊर्जेचे म्हणतात. ईईव्ही म्हणजे एक्झा-इलेक्ट्रॉनव्होल्ट, १ वर १८ शून्यं इतके इलेक्ट्रॉनव्होल्ट. या पानावर मूळ कणांच्या ऊर्जेसाठी हेच एकक वापरलं आहे.

१०० ईईव्ही म्हणजे सुमारे १६ ज्यूल. आकडा लहान वाटतो, पण ही ऊर्जा एकट्या अणुकेंद्रकात साठलेली असते. १५ ऑक्टोबर १९९१ रोजी अमेरिकेतल्या युटा राज्यात 'फ्लाय्ज आय' या प्रयोगाने ३२० ईईव्हीचा, म्हणजे ५१ ज्यूलचा कण नोंदवला. किलोभर वजन पाच मीटरवरून जमिनीवर आदळतं तेव्हा जवळपास एवढी ऊर्जा बाहेर पडते.

हे कण पकडायला पिएर ओझे वेधशाळेला ३,००० चौरस किलोमीटर जागा कशाला लागते?

कारण हे कण फार विरळ आहेत. १० ईईव्हीच्या वरचे कण एका चौरस किलोमीटरवर वर्षाला एखादा येतात. १०० ईईव्हीच्या आसपासच्या कणासाठी तेवढ्याच जागेवर शंभर वर्षं किंवा त्याहून जास्त वाट पाहावी लागेल. उपग्रहावर एक-दोन चौरस मीटरचा शोधक बसवून इथे काही हाती लागत नाही. क्षेत्रफळ वाढवणं किंवा शतकानुशतकं थांबणं एवढेच दोन मार्ग उरतात. पहिला मार्ग १९९२ साली भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्रोनिन आणि अ‍ॅलन वॉटसन यांनी मांडला, आणि त्यातून अर्जेंटिनातली पिएर ओझे वेधशाळा उभी राहिली. २००४ पासून ती मोजमापं घेते आहे. मूळ आराखड्याची उभारणी २००८ मध्ये पूर्ण झाली.

एवढ्या मोठ्या जागेवर एकेक कण पकडतात तरी कसा?

मूळ कण जमिनीपर्यंत पोचतच नाही. वातावरणाच्या वरच्या थरात तो हवेतल्या एखाद्या अणुकेंद्रकावर आदळतो. त्यातून प्रामुख्याने पायॉन नावाचे अल्पायुषी कण बाहेर पडतात. विद्युतभारित पायॉन पुढे धडका देतात किंवा क्षय पावून म्यूऑन (इलेक्ट्रॉनसारखे, पण त्याहून जड कण) देतात. उदासीन पायॉन लगेच दोन गॅमा फोटॉनमध्ये मोडतात. त्या फोटॉनपासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या होतात, त्या जोड्यांपासून पुन्हा फोटॉन. प्रत्येक टप्प्यावर कणांची संख्या वाढते आणि प्रत्येकाच्या वाट्याची ऊर्जा घटते. ही ऊर्जा ठरावीक मर्यादेखाली आली की वाढ थांबते आणि संख्या उतरणीला लागते. यालाच कणवर्षाव म्हणतात.

१० ईईव्हीच्या वर्षावात, ऐन भरात असताना, सहा अब्जांच्या आसपास कण असतात. ते पातळ, किंचित वाकलेल्या तबकडीसारखे जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने खाली येतात आणि जमिनीवर कित्येक किलोमीटर पसरतात. म्हणून सगळी जमीन झाकायची गरज पडत नाही. ठरावीक अंतरावर नमुने घेतले तरी चालतं. त्यासाठी जमिनीवर पाण्याच्या टाक्या आहेत, आणि वर्षावाचा हवेतला मंद प्रकाश पाहायला दुर्बिणी. वेधशाळेला ज्यांचं नाव दिलं आहे त्या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर ओझे यांनी १९३८ मध्ये नेमकी हीच गोष्ट ओळखली होती: एकमेकांपासून दूर ठेवलेले शोधक एकाच क्षणी जागे होतात, म्हणजे ते कण एकाच मूळ कणाची संतती आहेत.

एक गोष्ट इथेच पक्की करायला हवी, कारण पुढच्या बहुतेक उत्तरांची ती किल्ली आहे. वेधशाळा मूळ कण मोजत नाही, वर्षाव मोजते. वर्षावावरून कणाची ऊर्जा, दिशा आणि जात काढायची म्हणजे मध्ये हवा, पाणी, काच, घड्याळ आणि गणिती प्रारूप येतात. त्यांतल्या प्रत्येकाची चूक शेवटच्या आकड्यात उतरते.

ही वेधशाळा अर्जेंटिनातच का?

मेंडोसा प्रांतातल्या मालार्ग्वे शहराजवळचं पाम्पा आमारिया हे पठार अँडीज पर्वताच्या पूर्वेला, समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटरवर आहे. जमीन सपाट, वस्ती तुरळक, आकाश काळोखं आणि हवा बरीच स्वच्छ. भोवती थोडी उंच ठिकाणं आहेत, त्यामुळे दुर्बिणी चढावर बसवून आतल्या बाजूला रोखता येतात.

उंचीचं गणितही जुळतं. तिथे डोक्यावर प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे सुमारे ८८० ग्रॅम हवा असते. १० ईईव्हीचा सरळ खाली येणारा वर्षाव ७५० ते ८०० ग्रॅम हवा ओलांडल्यावर भरात येतो. म्हणजे जमिनीवर पोचताना तो नुकताच शिखर ओलांडून आलेला असतो आणि त्याच्या आकारातला चढउतार कमी असतो. फार उंचावर वर्षाव अर्धवट वाढलेला सापडला असता, समुद्रसपाटीवर बराच विरलेला.

दक्षिण गोलार्धातून आकाशगंगेचं केंद्र डोक्यावरून जाताना दिसतं, हा आणखी एक फायदा.

जमिनीवरच्या टाकीत नेमकं काय काय असतं?

अशा सुमारे १,६६० टाक्या आहेत. त्रिकोणी जाळीत, एकमेकींपासून १,५०० मीटरवर. प्रत्येक टाकी पॉलिथिनची, ३.६ मीटर व्यासाची. आत टायवेकचं (कागदासारख्या पांढऱ्या प्लास्टिकचं) परावर्तक अस्तर असलेली सीलबंद पिशवी आणि त्या पिशवीत १२,००० लिटर अतिशुद्ध पाणी, १.२ मीटर खोल. वरच्या बाजूने तीन खिडक्यांमधून नऊ इंची तीन फोटोमल्टिप्लायर नळ्या (मंद प्रकाशाचं मोजता येईल अशा विद्युत स्पंदात रूपांतर करणाऱ्या) खाली पाण्याकडे रोखलेल्या असतात.

वर्षावातला भारित कण पाण्यात शिरतो तेव्हा त्याचा वेग पाण्यातल्या प्रकाशाच्या वेगापेक्षा जास्त असतो आणि निळसर चेरेन्कोव्ह प्रकाश निघतो. तो अस्तरावरून उसळत पिशवीभर पसरतो आणि नळ्यांना दिसतो. फोटॉनना विद्युतभार नसतो, पण पाण्यात त्यांच्यापासून इलेक्ट्रॉन तयार होतात, म्हणून तेही नोंदले जातात. उथळ प्लास्टिक शोधकाच्या तुलनेत पाण्याच्या टाकीचा हा मोठा फायदा आहे. दुसरा फायदा उंचीचा: क्षितिजालगत, तिरपे येणारे वर्षावसुद्धा टाकीला बाजूने भेटतात.

वीज दोन सौर पॅनेल आणि १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांमधून येते. सगळ्या यंत्रणेला मिळून सुमारे १० वॅट लागतात. वेळ जीपीएसकडून मिळते. माहिती रेडिओने जवळच्या दुर्बीण-इमारतीच्या मनोऱ्याकडे जाते. टाकीपर्यंत एकही तार जात नाही.

पाणी इतकं शुद्ध ठेवण्याचं कारण काय?

दोन कारणं. चेरेन्कोव्ह प्रकाशाचा मोठा भाग अतिनील आणि निळ्या पट्ट्यात असतो, आणि तो नळीपर्यंत पोचण्याआधी अनेकदा उसळतो. पाण्यात थोडी जरी अशुद्धी असली तरी प्रत्येक फेरीत प्रकाश शोषला जातो. दुसरं कारण जिवाणूंचं. पाणी एकदा भरलं की बदलायचं नाही, अशी योजना असते. अन्नद्रव्यं असतील तर वर्षानुवर्षं बंद अंधाऱ्या पिशवीत जिवाणू वाढतात आणि पाणी गढूळ होतं. म्हणून पाणी शुद्धीकरण प्रकल्पात तयार करून टँकरने कच्च्या वाटांवरून नेलं गेलं. शुद्धता विद्युतरोधावरून तपासतात; टाकीत भरताना ५ मेगाओम-सेंटिमीटरपेक्षा जास्त रोध अपेक्षित असतो.

तरीही टाक्या हळूहळू म्हाताऱ्या होतातच. अस्तराची परावर्तकता आणि पाण्याची पारदर्शकता थोडी घसरली की प्रकाश टाकीत पूर्वीइतका वेळ रेंगाळत नाही, आणि स्पंद आखूड होतो. यावर लक्ष ठेवायला स्पंदाचं क्षेत्रफळ भागिले त्याची उंची हे गुणोत्तर प्रत्येक टाकीसाठी सतत काढलं जातं. ते एकाएकी घसरलं तर टाकीत काहीतरी बिघडलं आहे असं समजावं.

टाकीतला संकेत कोणत्या एककात मोजतात?

टाकीच्या मधोमध सरळ खाली जाणाऱ्या एका म्यूऑनमुळे जेवढा संकेत मिळतो, ते एकक. त्याला 'उभा म्यूऑन' म्हणू. असा म्यूऑन १.२ मीटर पाण्यात सुमारे २४० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा सोडतो.

हे एकक फार विचारपूर्वक निवडलेलं आहे. सोळाशे टाक्यांकडे दिवे घेऊन फिरणं शक्य नाही. पण साध्या वैश्विक किरणांतून आलेले म्यूऑन प्रत्येक टाकीतून सेकंदाला सुमारे अडीच हजार जातात, फुकट आणि अखंड. टाकीतली इलेक्ट्रॉनिक्स त्यांचा आलेख तयार करते, त्यात म्यूऑनचा उंचवटा ठळक दिसतो, आणि दर मिनिटाला त्यावरून टाकी स्वतःचं अंशांकन करते, म्हणजे आपली मोजपट्टी जुळवून घेते. दिवसा नळ्या तापतात, रात्री गारठतात, त्यांची लब्धी, म्हणजे संकेत मोठा करण्याची क्षमता, वरखाली होते. मिनिटाच्या अंशांकनात हे सगळं आपोआप धरलं जातं.

सेकंदाला अडीच हजार म्यूऑन येत असतील तर खरा वर्षाव वेगळा कसा काढतात?

चाळण्या लावून. रेडिओवर प्रत्येक टाकीच्या वाट्याला सेकंदाला जेमतेम १,२०० बिट येतात, म्हणून टाकीला जागच्या जागी निर्णय घ्यावा लागतो.

पहिली चाळणी दोन प्रकारांनी उघडते. एक, तिन्ही नळ्यांत एकाच वेळी १.७५ उभ्या म्यूऑनहून उंच स्पंद आला तर. असं सेकंदाला शंभरदा होतं. दोन, संकेत बुटका पण लांबलेला असेल तर: ३ मायक्रोसेकंदांच्या खिडकीत, किमान दोन नळ्यांमध्ये, २५ नॅनोसेकंदांचे १३ कप्पे ०.२ उभ्या म्यूऑनच्या वर असले पाहिजेत. वर्षावाच्या गाभ्यापासून (मूळ कणाच्या वाटेच्या मधल्या रेषेपासून) दूर कण विखुरलेल्या वेळांना पोचतात आणि संकेत पसरट होतो. एकट्यादुकट्या म्यूऑनचा संकेत मात्र झटक्यात संपतो. म्हणून हा दुसरा प्रकार सेकंदाला दोनदाही उघडत नाही, आणि उघडतो तेव्हा विश्वासार्ह असतो.

दुसऱ्या चाळणीत उंच स्पंदांसाठी मर्यादा ३.२ उभ्या म्यूऑनपर्यंत वाढते. पसरट संकेत थेट पुढे जातात. मिळून सेकंदाला सुमारे वीस वेळांचे शिक्के मध्यवर्ती संगणकाकडे जातात. फक्त वेळा जातात, संपूर्ण नोंद टाकीतच थांबलेली असते. शेजारच्या टाक्यांच्या वेळा जुळल्या तरच संगणक त्या टाक्यांकडून पूर्ण नोंद मागवतो.

किमान तीन टाक्यांचे पसरट संकेत जुळले तर त्यांतल्या सुमारे ९० टक्के घटना खरे वर्षाव निघतात. नुसत्या उंच स्पंदांवर जुळवलेल्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास असतं. तो मार्ग तरीही उघडा ठेवला आहे, कारण तिरप्या वर्षावात उरलेले जवळपास सगळे कण म्यूऑन असतात आणि त्यांचा संकेत आखूडच असतो. आलेल्या घटनांतून खरे वर्षाव निवडण्याच्या चाळण्या त्यानंतर संगणकावर लागतात. ३ ईईव्हीच्या वर, शिरोबिंदूपासून (बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून) ६० अंशांपर्यंतच्या दिशांसाठी, जाळीतून एकही वर्षाव निसटत नाही असं मानलं जातं.

दिशा कशी ठरते?

वेळेच्या फरकावरून. वर्षावाची तबकडी तिरपी आली तर एका बाजूच्या टाक्या आधी जाग्या होतात. समजा वर्षाव शिरोबिंदूपासून ३० अंश कललेला आहे आणि दोन टाक्या त्याच्या वाटेच्या रेषेत १,५०० मीटरवर आहेत. दुसऱ्या टाकीला संकेत अडीच मायक्रोसेकंद उशिरा मिळेल. कल ३१ अंश असता तर आणखी ७५ नॅनोसेकंद. टाकीच्या घड्याळाची अचूकता दहा-बारा नॅनोसेकंदांच्या घरातली आहे, त्यामुळे एका अंशाचा फरक सहज पकडता येतो.

खरी अडचण वर्षावाची आहे. तबकडीला जाडी असते, ती वाकलेली असते, आणि गाभ्यापासून दूर कण इतके विरळ असतात की पहिला कण नेमका केव्हा पोचेल हे बरंचसं नशिबावर असतं. टाक्या जास्त असल्या की ही अनिश्चितता सरासरीत निघून जाते. १० ईईव्हीच्या वर दिशेतली चूक एका अंशापेक्षा कमी राहते.

आणि ऊर्जा? हा आकडा कितपत भरवशाचा?

सगळ्यात जास्त काळजी याच आकड्याची घ्यावी लागते.

गाभ्याजवळची टाकी अनेकदा संपृक्त होते, म्हणजे संकेत तिच्या मोजण्याच्या कुवतीबाहेर जातो, आणि गाभ्याचं स्थान थोडं चुकलं तरी तिथला संकेत प्रचंड बदलतो. फार दूरची टाकी जेमतेम काही कण पाहते. १,५०० मीटरच्या जाळीत या दोन्ही त्रासांचा समतोल गाभ्यापासून १,००० मीटरवर साधतो. म्हणून टाक्यांच्या संकेतांतून एक वक्र बसवतात आणि त्यावरून १,००० मीटरवरचा संकेत वाचतात. त्या अंतरावर प्रत्यक्ष टाकी असायलाच हवी असं नाही.

पण तेवढ्याच ऊर्जेचा वर्षाव तिरपा आला तर जास्त हवा ओलांडतो आणि जमिनीवर क्षीण दिसतो. ही घट किती, हे प्रारूपाला न विचारता आकाशालाच विचारतात: वैश्विक किरण सगळीकडून जवळपास सारख्या प्रमाणात येतात, तेव्हा प्रत्येक कलासाठी सारख्या वारंवारतेने येणारा संकेत सारख्याच ऊर्जेचा असला पाहिजे. या युक्तीने प्रत्येक संकेत ३८ अंशांच्या कलावर आणून ठेवतात.

आता या संकेताची ऊर्जा किती? इथे दुर्बिणी लागतात. काही घटना टाक्या आणि दुर्बिणी दोघांनाही दिसतात. दुर्बीण ऊर्जा जवळजवळ थेट मोजते, आणि त्या निवडक घटनांवरून संकेताचं ऊर्जेत रूपांतर ठरतं. हे नातं साधारण सरळ आहे: ३८ अंशांवर आणलेला, १,००० मीटरवरचा संकेत ५० उभ्या म्यूऑनच्या आसपास असेल तर मूळ कण सुमारे १० ईईव्हीचा असतो. मग फक्त टाक्यांना दिसलेल्या हजारो घटनांनाही तीच मोजपट्टी लावतात.

मोजपट्टीतली एकंदर अनिश्चितता १४ टक्के आहे. यादृच्छिक चुका घटना वाढल्या की पुसल्या जातात. ही पुसली जात नाही, कारण ती सगळ्या घटनांना एकाच दिशेने लागते. कण जसजसे जास्त ऊर्जेचे तसतसे ते झपाट्याने विरळ होतात, त्यामुळे मोजपट्टी थोडी सरकली तरी ठरावीक ऊर्जेच्या वर मोजलेली संख्या बरीच बदलते. वेगवेगळ्या प्रयोगांचे आलेख शेजारी ठेवताना हे विसरलं की वाद सुरू होतात.

दुर्बिणींना काय दिसतं?

वर्षाव जाताना हवेतला नायट्रोजन उत्तेजित होतो आणि सगळ्या दिशांना मंद अतिनील प्रकाश टाकतो. याला प्रतिदीप्ती म्हणतात. ३०० ते ४३० नॅनोमीटरच्या पट्ट्यात ती असते, ३३७ नॅनोमीटरची रेषा सर्वांत ठळक. एक भारित कण मीटरभर चालला तर जेमतेम चार-पाच फोटॉन निघतात. पण कण अब्जावधी असल्याने वीस-तीस किलोमीटरवरूनही ती रेघ दिसते.

लोस लेओनेस, लोस मोरादोस, लोमा आमारिया आणि कोइवेको या चार ठिकाणी प्रत्येकी सहा, अशा २४ दुर्बिणी जाळीच्या कडेने आत पाहतात. शिवाय कोइवेकोजवळ तीन दुर्बिणी कमी ऊर्जेच्या वर्षावांसाठी वर उचलून बसवल्या आहेत, कारण ते वातावरणात जास्त उंचीवर भरात येतात. प्रत्येक दुर्बिणीला अतिनील गाळणी, सुमारे १३ चौरस मीटरचा तुकड्यांचा आरसा आणि ४४० फोटोमल्टिप्लायरांचा कॅमेरा असतो. एक पिक्सेल म्हणजे आकाशाचा दीड अंश.

प्रकाश हवेत सोडलेल्या ऊर्जेच्या प्रमाणात असतो, म्हणून वर्षावाचा सगळा मार्ग बेरजेत घेतला की ऊर्जा मिळते. न्यूट्रिनो आणि जमिनीत घुसणारे म्यूऑन यांनी नेलेली ऊर्जा यात दिसत नाही. ती साधारण १० ते १५ टक्के असते आणि वेगळी मिळवावी लागते.

एकट्या दुर्बिणीची एक दुबळी बाजू आहे. वर्षाव कोणत्या प्रतलात आहे हे तिला चटकन कळतं, पण त्या प्रतलात तो जवळून गेला की लांबून, हे वेळेवरून काढताना गोंधळ होतो. एका टाकीची वेळ मिळाली की हा गोंधळ संपतो: गाभ्याचं स्थान सुमारे ५० मीटरपर्यंत आणि दिशा सुमारे अर्ध्या अंशापर्यंत पक्की होते. दोन पद्धती एकत्र बांधण्याचं हेच सार्थक आहे.

मग सगळं काम दुर्बिणींवरच का सोपवत नाहीत?

कारण त्या एकूण वेळाच्या सुमारे १५ टक्केच चालतात. रात्र निरभ्र हवी आणि चंद्र नको. चंद्रप्रकाशात नळ्यांमधून इतका प्रवाह वाहतो की त्या लवकर खराब होतात. वारा वाढला किंवा पाऊस आला की झडपा आपोआप मिटतात. झडप अडकली तर आतला पडदा खाली येतो. सकाळचा सूर्य आरशामार्फत कॅमेऱ्यावर पडला तर नुकसान मोठं असतं, म्हणून ही दुहेरी सोय. टाक्या मात्र दिवसरात्र, पावसापाण्यात चालू असतात.

हवा मोजायची काय गरज?

वीस किलोमीटर हवेतून येताना किती प्रकाश वाटेत हरवला हे ठाऊक नसेल तर ऊर्जेचा आकडा निरर्थक ठरतो. रेणूंमुळे होणारं विखुरणं दाब-तापमानावरून चांगलं काढता येतं. धूळ आणि धुराचे कण रात्रीगणिक बदलतात. खरी डोकेदुखी ती. यासाठी जाळीच्या मध्याजवळ ३५५ नॅनोमीटरचा लेसर दुर्बिणींच्या कामकाजाच्या रात्री ठरावीक वेळाने आकाशात स्पंद सोडतो. त्याची ऊर्जा ठाऊक असते, म्हणून दुर्बिणीला किती कमी प्रकाश दिसला त्यावरून हवेची पारदर्शकता निघते. काही मिलीज्यूलच्या या स्पंदाची रेघ दुर्बिणीत जवळपास १०० ईईव्हीच्या वर्षावाएवढी उजळ दिसते. ढगांसाठी लायडर (लेसरचा परत आलेला प्रकाश टिपणारी उपकरणं) आणि अवरक्त कॅमेरे आहेत. वाटेत ढग असेल तर वर्षावाच्या आलेखात खोटा खड्डा किंवा खोटं शिखर दिसतं, आणि अशा घटना बाद कराव्या लागतात.

मूळ कण प्रोटॉन होता की लोखंडाचं केंद्रक, हे कळतं का?

एकेका घटनेसाठी खात्रीने नाही. अनेक घटनांच्या वितरणावरून हो. लोखंडाचं केंद्रक म्हणजे ५६ न्यूक्लिऑनांमध्ये (प्रोटॉन आणि न्यूट्रॉनमध्ये) वाटलेली ऊर्जा. त्याचा वर्षाव लवकर सुरू होतो आणि लवकर भरात येतो. समान ऊर्जेच्या प्रोटॉनचं शिखर सरासरी १०० ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर खोल असतं. शिवाय प्रोटॉनची शिखरं एकमेकांपासून बरीच विखुरतात, सुमारे ६० ग्रॅम; लोखंडाची २० ग्रॅमच्या आसपास. दुर्बिणीची स्वतःची अचूकता १५ ते २५ ग्रॅम असल्याने हा फरक दिसतो.

निष्कर्ष बऱ्याच जणांना अनपेक्षित होता. २ ईईव्हीच्या आसपास हलके कण जास्त आहेत, आणि तिथून पुढे ऊर्जा वाढते तसे कण जड होत जातात.

एक कोडं मात्र सुटलेलं नाही. जमिनीवर मोजलेले म्यूऑन संगणकी प्रारूपांतल्या म्यूऑनपेक्षा लक्षणीय जास्त भरतात. १० ईईव्हीच्या धडकेतली उपलब्ध ऊर्जा लार्ज हॅड्रॉन कोलायडर या जगातल्या सर्वांत मोठ्या कणप्रवेगकाच्या सुमारे दहापट असते, म्हणजे प्रारूपं तिथे अंदाजाने ताणलेली आहेत. हा दोष नीट समजून घेणं, आमच्या मते, या क्षेत्रातलं सर्वांत मोलाचं काम आहे.

प्रत्यक्षात काय बिघडतं?

बॅटऱ्या सर्वांत जास्त. त्यांचं आयुष्य चार-पाच वर्षांचं असतं. त्यानंतर नळ्या आणि त्यांचा उच्च विद्युतदाबाचा पुरवठा, जीपीएस, रेडिओ, जोडण्यांमध्ये शिरलेली ओल. तीनपैकी एक नळी गेली तरी टाकी दोघींवर चालते, मर्यादा तेवढ्या बदलतात.

एक टाकी बंद पडली तर फार बिघडणार नाही असं वाटतं. पण घटना स्वीकारण्याचा कडक नियम असा आहे की सर्वांत मोठ्या संकेताच्या टाकीभोवतीच्या सहाही टाक्या चालू हव्यात. एक टाकी बंद म्हणजे ती स्वतः आणि तिच्या सहा शेजारणी, असे सात षटकोन बाद. प्रत्येक षटकोन सुमारे १.९५ चौरस किलोमीटरचा, म्हणजे साडेतेरा चौरस किलोमीटर जागा हिशेबातून वजा. म्हणूनच देखभालीच्या गाड्या सतत पठारावर असतात, आणि म्हणूनच बहुतेक काळ ९७ टक्क्यांहून अधिक टाक्या चालू ठेवता येतात. पावसाने वाट चिखलाची झाली की दुरुस्ती लांबते, उपाय नसतो.

विजांच्या वादळात टाक्यांमध्ये विचित्र, फार लांबलेले संकेत येतात आणि जमिनीवर कड्यासारखा ठसा दिसतो. वर्षावाच्या यादीतून ते काढून टाकावे लागतात, पण वादळांच्या अभ्यासकांना ते हवे असतात.

ऊर्जेला वरची मर्यादा आहे का?

१९६६ मध्ये ग्रायझेन यांनी, आणि स्वतंत्रपणे झात्सेपिन आणि कुझमिन यांनी दाखवलं की सुमारे ५० ईईव्हीच्या वरचा प्रोटॉन विश्वात सर्वत्र पसरलेल्या सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारणाच्या फोटॉनांशी धडकून पायॉन तयार करेल आणि ऊर्जा गमावेल. म्हणजे फार दूरच्या स्रोतातून असे कण आपल्यापर्यंत येऊ नयेत. जड केंद्रकं याच वाटेवर फोटॉनांच्या मारामुळे तुटतात.

मोजमापांत सुमारे ४६ ईईव्हीपासून संख्या तीव्रपणे घटते, यात शंका उरलेली नाही. पण ही घट प्रवासातल्या नुकसानीमुळेच आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. स्रोतांची प्रवेग देण्याची ताकदच तिथे संपत असेल, तरी आलेख असाच दिसेल. आणि कण जड होत जातात हे निरीक्षण या दुसऱ्या शक्यतेला पाठबळ देतं.

हे कण येतात कुठून?

आकाशगंगेच्या बाहेरून, एवढं पक्कं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात ८ ईईव्हीच्या वरच्या तीस हजारांहून अधिक घटनांत एका बाजूकडून सरासरीपेक्षा ६.५ टक्के जास्त कण येतात असा कल सापडला. आकस्मिक असण्याची शक्यता नगण्य, ५.२ सिग्मा (निकाल निव्वळ योगायोग नसल्याच्या खात्रीचं हे माप). आणि कलाची दिशा आकाशगंगेच्या केंद्रापासून सुमारे १२५ अंश दूर. स्रोत आपल्या दीर्घिकेत असते तर उलट दिसलं असतं.

नेमके स्रोत सांगणं अवघड आहे, कारण चुंबकीय क्षेत्रं वाट वाकवतात. १०० ईईव्हीचा प्रोटॉन काही अंशांनी वळतो, तेवढ्याच ऊर्जेचं लोखंड त्याच्या २६ पट. सेंटॉरस ए दीर्घिकेच्या परिसरात जास्तीच्या घटना दिसतात, आणि तारे वेगाने घडवणाऱ्या जवळच्या दीर्घिकांशीही जुळणी दिसते. दोन्ही संकेत ४ सिग्माच्या आसपास आहेत, शोध जाहीर करायला ५ लागतात. इथे संयम बाळगण्याला कारण आहे. २००७ मध्ये सक्रिय दीर्घिकाकेंद्रांशी ठळक जुळणी सापडल्याचं जाहीर झालं होतं. घटना वाढल्यावर जुळणाऱ्यांचं प्रमाण ६९ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आलं.

सर्वांत मोठी नोंद कोणती?

विक्रम अजूनही १९९१ च्या ३२० ईईव्हीचाच. युटातल्या दुसऱ्या वेधशाळेने, टेलिस्कोप अ‍ॅरेने २७ मे २०२१ रोजी २४४ ईईव्हीचा 'आमातेरासू' कण नोंदवला. तो ज्या दिशेने आला तिकडे दीर्घिका फार तुरळक आहेत. पिएर ओझे वेधशाळेची सर्वोच्च नोंद १० नोव्हेंबर २०१९ ची, १६६ ईईव्ही. या आकड्यांची थेट तुलना करू नये. दोन चालू वेधशाळांच्या मोजपट्ट्यांतच ९ टक्क्यांच्या आसपास फरक आहे. शिवाय युटात १.२ किलोमीटरवर मांडलेले ५०७ प्लास्टिक शोधक आहेत, पाण्याच्या टाक्या नाहीत.

'ओझे-प्राइम' सुधारणेत नवीन काय?

म्यूऑन आणि इतर कण वेगळे मोजण्याची सोय. प्रत्येक टाकीच्या डोक्यावर ३.८ चौरस मीटरचा प्लास्टिक शोधक बसवला आहे. प्लास्टिकचा पातळ थर इलेक्ट्रॉनांना जास्त प्रतिसाद देतो, खोल पाणी म्यूऑनांना. दोन्ही संकेतांची सांगड घातली की दोन्ही घटक सुटे होतात. म्हणजे कणाची जात आता दुर्बिणींशिवाय, दिवसाही, अजमावता येईल. नमुने घेण्याचा वेग सेकंदाला ४ कोटींवरून १२ कोटींवर गेला, गाभ्याजवळ संपृक्त न होणारी चौथी, छोटी नळी आली, आणि तिरप्या वर्षावांसाठी ३० ते ८० मेगाहर्ट्झचे रेडिओ अँटेना. टाक्या एकमेकींच्या जास्त जवळ असलेल्या भागात जमिनीखाली २.३ मीटरवर म्यूऑन शोधक पुरले आहेत. तेवढी माती इलेक्ट्रॉन गाळून टाकते.

या किरणांपासून माणसाला धोका आहे का?

नाही. आपल्याला मिळणारी वैश्विक किरणांची मात्रा कमी ऊर्जेच्या असंख्य कणांमुळे असते.

घरबसल्या खऱ्या नोंदी पाहता येतात का?

येतात. २०२१ मध्ये वेधशाळेने १० टक्के नोंदी सर्वांसाठी खुल्या केल्या. प्रत्येक घटनेसोबत टाक्यांचे संकेत, वेळा आणि काढलेली दिशा-ऊर्जा असते. पायथनमधले नमुना प्रोग्रामही दिलेले आहेत. सुरुवात करणाऱ्याने सात-आठ टाक्या जाग्या झालेली, ६० अंशांपेक्षा कमी कलाची घटना निवडावी. टाक्यांच्या वेळा घेऊन सपाट प्रतल बसवावं आणि दिशा काढावी. मग प्रत्येक टाकीची वेळ त्या प्रतलापासून किती मागे पडते ते पाहावं: गाभ्यापासून जसजसं दूर जाल तसा उशीर वाढत गेलेला दिसेल. तो तबकडीचा बाक आहे. तो धरून दिशा पुन्हा काढली की उत्तर प्रकाशित आकड्याच्या जवळ येतं. संकेत आणि अंतर यांचा वक्र बसवताना संपृक्त झालेली टाकी वगळायला विसरू नये. वक्र चुकण्याचं ते नेहमीचं कारण असतं.